खुरसाकडचं बोलावणं

गेल्या महिन्यात कॉलेजकडून पत्र आलं. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात रंगीत क्रूस, खाली प्राचार्यांची सही. कॉलेजची स्मरणिका निघणार आहे, तिच्यात 'आपल्या महाविद्यालयाची कॅथलिक ओळख आणि धार्मिक वारसा' असा खास विभाग आहे, तरी जुन्या प्राध्यापकांकडे त्या वारशासंबंधी काही कागदपत्रं असल्यास ती पाठवावीत, अशी नम्र विनंती. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, गोळी घेतलीत का सकाळची? म्हटलं, गोळी राहू दे, आधी लिहायला कागद दे.

वारसा म्हणे. आताच्या प्राचार्यांचा यात काडीचाही दोष नाही, ते तेव्हा शाळेतसुद्धा गेले नसतील. पण राग काही पत्ता बघून जात नाही. त्या वारशाचा एक कागद माझ्याकडे आहे खरा. इतकी वर्षं तो कपाटाच्या खणात पडून आहे आणि मी तो बायकोलाही दाखवलेला नाही, कारण तो दाखवायचा तर आधी स्वतःचं तोंड दाखवावं लागतं. आता दाखवतो. त्याची हकीगतही सोबत जोडतो. छापायची हिंमत असेल तर छापा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी नुकताच एम. ए. होऊन घरी जामसंड्याला माशा मारत बसलो होतो. सावंतवाडीच्या पलीकडे माळावर पाद्रींनी एक लहानसं कॉलेज काढलं होतं, तिथे मराठी शिकवायला माणूस हवा होता. कॉलेज म्हणजे चिऱ्याच्या दोन लांबट इमारती, एक चॅपल, मुलींचं वसतिगृह आणि फाटकातून आत गेल्यावर माळाच्या कडेला एक पांढरा खुरीस. क्रूसाला आमच्याकडे खुरीस म्हणतात, हिंदूही म्हणतात आणि ख्रिस्तीही. वर्गात आसपासच्या गावांतली मुलं, रेडीच्या बंदरावर काम करणाऱ्यांची मुलं, थोडी कॅथलिक, दोनचार मुसलमान, बाकी सगळी आमच्यासारखी.

मी निघालो तेव्हा आई म्हणाली, "पाद्र्यांच्या कॉलेजात? बाटयतले तुका." मला तिथे कोणी बाटवलं नाही. उलट देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं कसं घालतात ते घरी असताना मी कधी धड ऐकलं नव्हतं, ते मी त्या कॅथलिक कॉलेजात शिकलो.

ते असं. ज्या फादरांनी कॉलेज काढलं त्यांना सगळे थोरले फादर म्हणत. त्यांनी तो माळ मागितला तेव्हा गावाने नाही म्हटलं नाही, पण एक अडचण सांगितली. माळाच्या कडेला काजऱ्याचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक काळा दगड. ती राखणदाराची जागा. राखणदार म्हणजे गावाच्या हद्दीवर पहारा देणारा. त्याला देव म्हणा, भूत म्हणा, पण त्याला विचारल्याशिवाय त्या माळावर कोणी गवतालाही विळा लावत नसे. गावाचं म्हणणं एवढंच की दगड हलवायचा नाही, आणि दरवर्षी काम सुरू करताना राखणदाराच्या कानावर घालायचं. दुसरा कोणी असता तर हसला असता. थोरले फादर म्हणाले, दगड राहील. त्याच्या शेजारी मी माझा खुरीस उभारतो, दोघं मिळून पोरं सांभाळतील. आणि कानावर घालायचं ते तुमच्या मानकऱ्याने घालावं, मी इथे पाहुणा, मला तो ओळखत नाही.

तेव्हापासून दर वर्षी जून महिन्यात कॉलेज उघडायच्या दिवशी गावचा मानकरी यायचा. वर्ग भरण्याआधी सगळे खुरसाकडे जमायचे. मानकरी दगडावर नारळ ठेवायचा, खुरसाच्या पायथ्याला अबोलीची वेणी घालायचा आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू करायचा. "बा देवा म्हाराजा, ह्या माळार ऱ्हवणाऱ्या राखणदारा म्हाराजा, तसोच खुरसार बसलेल्या सायबा म्हाराजा, आज ही शिकणारी पोरां तुमच्या पायाकडे इली आसत, तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा." आणि जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." मुलं म्हणायची, आम्ही म्हणायचो, पांढऱ्या झग्यातले थोरले फादर तर सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. गाऱ्हाण्याची रीत अशी की प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा. होकार मिळाला नाही तर मागणारा एकटा पडतो आणि मागणं तिथेच राहतं. मग फादर क्रूसाची खूण करून आशीर्वाद द्यायचे, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली मावशी चॅपलची घंटा वाजवायची, आणि आम्ही नारळाचे तुकडे चघळत वर्गात जायचो. मला तरी यात कधी काही विचित्र वाटलं नाही.

एकदा मात्र मी विचारलं, फादर, हे तुमच्या धर्मात बसतं का? ते तेव्हा आंब्याच्या कलमाला माती लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी पहाटे चारला उठून गुडघे टेकतो, तेव्हा बसतं का म्हणून कोणी विचारायला येत नाही. तो म्हातारा माझ्या पोरांसाठी देवाकडे मागतो. त्याला मी कुठल्या तोंडाने अडवू?" आणि हा माणूस कच्च्या गुरूचा चेला नव्हता बरं का. उपासाच्या चाळीस दिवसांत एक वेळ जेवायचे, आजारी असले तरी चॅपलमधली मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, चुकवायचे नाहीत, आणि वर्गात कोणी धर्मावरून कोणाची चेष्टा केली तर त्याला बाहेर काढायचे. मी आयुष्यात त्यांच्याइतका कॅथलिक माणूस दुसरा पाहिला नाही.

मानकऱ्याला बोलावणं मात्र रीतसर गेलं पाहिजे, हा फादरांचा दंडक. आमच्या मुलखात मानाचं माणूस आपणहून येत नाही, त्याला बोलवावं लागतं. कॉलेजच्या छापील कागदावर, वरती क्रूस, खाली प्राचार्यांची सही, आणि मजकूर माझ्या अक्षरात. मराठीचा प्राध्यापक ना मी. "आपण अगत्य यावे आणि मुलांना आशीर्वाद द्यावा" असं दोन ओळींचं पत्र मी दर वर्षी लिहायचो.

मानकऱ्याला वाचता येत नव्हतं. मुलगे मुंबईला, घरात सून, तिलाही अक्षर येत नव्हतं. एका वर्षी मी त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा देव्हाऱ्याखाली पत्रांची चळत दिसली. प्रत्येक पत्राला कुंकवाचं बोट लावलेलं. मी गमतीने म्हटलं, "आजोबा, हेतूर काय लिवलां हा तां कोणाकडसून वाचून घेतास?" तो हसला. "वाचूक कित्याक व्हया, मास्तरानू? वर खुरीस आसा, तुमचां अक्षर मी वळाखतंय. बोलावणां इलां, कुकू लावलां, ठेवलां." हे त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मला हे माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.

थोरले फादर गेले. त्यांच्या जागी नवे फादर प्राचार्य म्हणून आले. मोठ्या शहरात शिकलेले, बोलायला गोड, शर्टाची इस्त्री कडक. माणूस दुष्ट नव्हता, हीच तर पंचाईत. दुष्ट असता तर चार शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी नळ आणला, ग्रंथालयाला नवी कपाटं दिली, आजारी शिपायाला स्वतः घेऊन दवाखान्यात गेले. पण आले त्याच वर्षी वरून काही पाहुणे कॉलेज बघायला आले. त्यांनी खुरसाच्या पायथ्याशी नारळाची शेंडी, कुंकू आणि वाळलेली अबोलीची वेणी बघितली, आणि त्यातल्या एकाने विचारलं म्हणे, हे कॅथलिक कॉलेज आहे की देऊळ? झालं. नव्या फादरांच्या ते फार जिव्हारी लागलं.

मग सभा. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे बसलो आणि ते इंग्रजीतून तासभर बोलले. आयडेंटिटी हा शब्द मी त्या एका दुपारी जितका ऐकला तितका पुढच्या आयुष्यात ऐकला नसेन. आपली ओळख काय, आपण बाकीच्या कॉलेजांपेक्षा वेगळे कशात, एखादा परका माणूस फाटकातून आत आला तर त्याला हे कॅथलिक कॉलेज आहे असं कशावरून कळेल. म्हणून आता सकाळची प्रार्थना ठरलेली, छापलेली, इंग्रजीतली. व्हरांड्यात संस्थेच्या ध्येयाची चौकट. खुरसाला नवा रंग आणि भोवती लोखंडी कठडा. आणि गाऱ्हाणं बंद. गावाबद्दल आपल्याला आदर आहे, असंही ते म्हणाले, पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते.

परका माणूस फाटकातून आला तर त्याला काय कळेल याची यांना काळजी. जे रोज येतात त्यांना काय कळतं ते विचारायला नको? पाद्रींचं कॉलेज म्हणजे काय, असं माझ्या आईला पुढे कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, जिथे फादर आमच्या राखणदाराला मान देतात ते. ती एकदा गाऱ्हाण्याला आली होती आणि जाताना खुरसाला मेणबत्ती लावून गेली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ही होती त्या कॉलेजची कॅथलिक ओळख. साऱ्या मुलखात दुसरीकडे कुठे नव्हती. हे सगळं त्या सभेत माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते गिळलं.

का गिळलं तेही सांगतो. मी अजून कायम झालो नव्हतो. कायम करायचं पत्र नव्या फादरांच्या टेबलावर होतं, आणि घरी माझं लग्न ठरलं होतं. एवढंच कारण. याहून मोठं काही नव्हतं, मी उगाच तात्त्विक मुलामा देत नाही.

सभा संपल्यावर फादर मला म्हणाले, मानकऱ्यांना आपण व्यवस्थित कळवलं पाहिजे, त्यांचा अपमान व्हायला नको. तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्ही लिहा. आणि मी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, ते पत्र मी मन लावून लिहिलं. "आपण आजवर दाखविलेल्या आपुलकीबद्दल संस्था आपली ऋणी आहे. तथापि संस्थेचे धार्मिक स्वरूप ध्यानी घेता, यंदापासून सदर कार्यक्रम स्थगित करण्यात येत आहे. तरी आपण येण्याची तसदी घेऊ नये." तथापि. काय ऐट होती मला त्या 'तथापि'ची. दोनदा खाडाखोड केली, तिसऱ्यांदा छापील कागदावर सुवाच्य उतरवलं. फादरांनी वाचून घेतलं, सही केली, फार सभ्य झालं आहे म्हणाले. गुरव देवाची पालखी सजवतो तसं मी ते नकाराचं पत्र सजवलं होतं.

शिपायाबरोबर ते गेलं. मानकऱ्याचं घर माळापासून चालत अर्ध्या तासावर. मी जाऊन सांगू शकलो असतो. तो वाचून घेत नाही हे मला माहीत होतं, क्रूस आणि माझं अक्षर बघून तो काय समजेल हेही माहीत होतं. रोज ठरवायचो, आज जाऊ. रोज काहीतरी निमित्त काढायचो. शेवटी मनाची अशी समजूत घातली की एवढं मोठं पत्र बघून कोणाकडून तरी वाचून घेईल. शेण खाल्लं मी, दुसरा शब्द नाही.

कॉलेज उघडायच्या दिवशी पाऊस सकाळपासून उघडला होता. मुलं नव्या कठड्यासमोर रांगेत उभी, फादर हातात प्रार्थनेचा कागद घेऊन पुढे, आम्ही शिक्षक बाजूला. आणि फाटकातून मानकरी आत आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली वेणी.

तो सरळ खुरसाकडे आला आणि कठड्याला लावलेलं कुलूप बघून थांबला. दगड आतच होता, खुरसाच्या शेजारी. त्याने इकडे तिकडे बघितलं, उघडायला कोणी येईल म्हणून. फादर पुढे झाले आणि अगदी सौजन्याने, आपल्या तुटक मराठीत त्यांनी विचारलं, तुम्हाला आमचं पत्र मिळालं नाही का?

"मिळालां मां," मानकरी म्हणाला. त्याने नारळ आणि वेणी कठड्यापाशी ठेवली, बंडीच्या खिशातून घडी काढली आणि उलगडून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ह्यां काय." मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर चिडीचा लवलेश नव्हता. नवा माणूस आहे, त्याला आपली रीत ठाऊक नाही, समजावून सांगू या, एवढंच त्या चेहऱ्यावर. "मास्तरानू, फादर नये आसत, तेंका ठावक नसतलां. तुमी वाचून दाखया तेंका. तुमीच लिवलास मां."

पत्र माझ्या हातात दिलं. वर कोपऱ्यात कुंकवाचं बोट.

मी काहीही वाचू शकलो असतो. गेल्या वर्षीचं पत्र तोंडपाठ होतं, आपण अगत्य यावे, हे खणखणीत म्हटलं असतं तर फादरांना तरी काय करता आलं असतं? सगळ्या कॉलेजसमोर थोडीच त्यांनी मला खोटं पाडलं असतं. ही अक्कल मला नंतर आली, संध्याकाळी. त्या वेळी फादर माझ्याकडे बघत होते, आणि मी समोर लिहिलेलं होतं ते, जसंच्या तसं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. तथापिसकट.

त्याला ती कचेरीची भाषा कळली नाही. म्हणाला, "म्हणजे काय, मास्तरानू?"

"येव नकात म्हणून लिवलां हा," मी म्हटलं.

"कोणी?"

"फादरांनी."

त्याने पत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अक्षर तुमचां," तो म्हणाला. बस, एवढंच. पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी होती तशी घातली आणि खिशात ठेवलं. मग नारळ आणि वेणी उचलून आला तसा फाटकाकडे चालू लागला.

फादरांनी प्रार्थनेचा कागद उघडला. पण मानकरी गेला नव्हता. फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर, तो गडग्याजवळ उभा राहिला. दगडी कुंपणाचा तो गडगा कमरेइतकाच, तिथून खुरीस दिसायचा. त्याने नारळ गडग्यावर ठेवला, वेणी त्याच्या शेजारी ठेवली, खुरसाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माळार ऱ्हवणाऱ्या राखणदारा म्हाराजा, तसोच खुरसार बसलेल्या सायबा म्हाराजा. आज ही पोरां तुमच्या पायाकडे इली आसत. तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

आणि थांबला. होकारासाठी थांबला. दर वर्षी थांबायचा तसाच.

कोणी बोललं नाही. मुलं फादरांकडे बघत होती आणि आमच्याकडे बघत होती. जुनी मुलं होती त्यात, ज्यांनी थोरल्या फादरांबरोबर गळा काढून होकार दिला होता. मी नुसता होकार दिला असता तर सगळा माळ दणाणला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मग पाठीमागून, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारातून एक बाईमाणसाचा खरखरीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

मावशी. हातात डाव, गळ्यात रोझरीची माळ. जन्माने कॅथलिक, रोज पहाटे चॅपल झाडणारी, बारा वाजता आणि तिन्हीसांजेला घंटा वाजवणारी. मानकऱ्याने मान हलवली आणि पुढे म्हटलं, "ह्या नव्या फादराक ह्या माळाची वळख नाय रे म्हाराजा. तेचा काय चुकला माकला आसात तां पोटात घाल, तेका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," मावशी म्हणाली.

"आणि हे आमचे मास्तर, तेंचाही बरां कर रे म्हाराजा."

मावशीने माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी अजून विसरलो नाही. मग म्हणाली, "व्हय म्हाराजा." साऱ्या कॉलेजात ती एकटी. मानकरी नमस्कार करून निघून गेला, नारळ गडग्यावर तसाच ठेवून, आणि फादरांनी इंग्रजी प्रार्थना सुरू केली. छापील कागद होता, तरी वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला.

दुपारी मी जेवायला गेलो तर मावशीने ताट आपटून ठेवलं. "जेव. जेवण वाढतलंय, पण तुझ्याकडे बोलूचंय नाय." म्हटलं, मावशी, माझी नोकरी... "माझी नाय नोकरी?" ती म्हणाली. "मी तर नुसती भाकऱ्यो भाजतंय. माका काढूक फादराक कागद पण लागाचो नाय." ताटातलं मी सगळं खाल्लं, भूक लागली होती.

मावशीला कोणी काढलं नाही, हे फादरांच्या बाजूने सांगायला हवं. मी कायम झालो. पत्र आलं, लग्न झालं, पेढे वाटले.

चतुर्थीच्या आधी, एका सकाळी मानकरी माझ्या बिऱ्हाडी आला. मी उठून उभा राहिलो, बसा म्हटलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. तो ओटीवर टेकला. बरोबर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. ते त्याने सोडलं. आतमध्ये पत्रं, इतक्या वर्षांची सगळी, देव्हाऱ्याखालची. दिव्याच्या काजळीने कडा काळवंडलेल्या, प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

"मास्तरानू, सगळ्यांर खुरीस, सगळ्यांर तुमचां अक्षर, माका सगळी एकसारकी दिसतत," तो म्हणाला. "तां पत्र मी घराक जावन हेतूरच ठेवलंय. आता माका कळना नाय, बोलावणी खंयची नि तां खंयचां. तां येगळां काढून दिया."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्या दिवशी माझी चूक झाली असं काहीतरी. त्याने हाताने थांबवलं, रागाने नव्हे, ज्या कामाला आलो ते आधी होऊ दे अशा अर्थाने. मी पत्रं हातात घेतली. शोधायला वेळ लागला नाही. बाकी सगळी दोन ओळींची होती. तेवढं एकच लांबलचक, सुंदर अक्षरातलं. मी ते बाजूला ठेवलं. त्याने बाकीची एकावर एक लावली, फडक्यात बांधली.

ते पत्र मी फाडायला घेतलं तर त्याने मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात जोर होता.

"फाडू नकात. कुकू लावलां हा तेका," तो म्हणाला. "मी बोलावणां समजान लावलंय. माका काय ठावक. तां तुमी ठेवा, तुमचां तां." चहा न घेताच उठला. चप्पल घातली आणि गाठोडं काखेत मारून पायऱ्या उतरला.

पुढे मी त्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत शिकवलं. मानकरी पुन्हा माळावर आला नाही. काजऱ्याचं झाड एका वादळात पडलं, कठड्याला दर दोन वर्षांनी रंग लागतो, कुलूपही नवं बसतं. तर स्मरणिकेच्या संपादकांना कळवायचं ते इतकंच, की तुम्ही मागितला तो कागद सोबत पाठवतो आहे. झेरॉक्स नाही, अस्सल. वर क्रूस आहे, खाली फादरांची सही आहे, अक्षर माझं आहे. कोपऱ्यात लाल डाग दिसेल, तो शाईचा नाही. छापताना पुसू नका.